समतोल स्थिरांकाची मांडणी: आधी समीकरण, मग ‘के’

अकरावीचे रसायनशास्त्र सुरू झाले की बऱ्हाणपूर, नेपानगर, रावेर या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांकडून तेच प्रश्न दरवर्षी येतात. मांडणीत पाणी घ्यायचे की सोडायचे? स्थायू पदार्थ समीकरणात आहे, तर मग ‘के’मध्ये का नाही? के-सी लिहायचा की के-पी? एकाच अभिक्रियेसाठी दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे कसे? मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण असते. एका पुस्तकात ‘साम्य स्थिरांक’ असतो, दुसऱ्यात ‘समतोल स्थिरांक’, शिकवणीत ‘इक्विलिब्रियम कॉन्स्टंट’. ही तिन्ही नावे एकाच राशीची, म्हणजे ‘के’ची, आहेत, त्यामुळे त्यात अडकू नका.

या प्रश्नांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. समीकरण पुरते लिहून होण्याआधीच ‘के’ लिहायला घेतला जातो. ‘के’ हा अभिक्रियेचा नसतो, तो तुम्ही लिहिलेल्या समीकरणाचा असतो. समीकरण संतुलित असेल आणि प्रत्येक पदार्थाची अवस्था त्यात स्पष्ट असेल, तर मांडणीत पाठ करण्यासारखे फारसे काही उरत नाही. समीकरण अर्धवट असेल, तर पाठ केलेला नियमही तुम्हाला वाचवत नाही.

या लेखात पदार्थ नावांनी लिहिले आहेत. उत्तरपत्रिकेत मात्र रासायनिक सूत्रेच लिहा. चौकोनी कंस म्हणजे त्या पदार्थाची समतोलावेळची संहती, दर लिटरला किती मोल. संहतींनी मांडलेला ‘के’ म्हणजे के-सी, वायूंच्या आंशिक दाबांनी मांडलेला म्हणजे के-पी.

मांडणीच्या सहा पायऱ्या

१. समीकरण संतुलित करा. दोन्ही बाजूंचे अणू आणि विद्युतभार जुळलेत का ते पाहा.

२. प्रत्येक पदार्थापुढे अवस्था लिहा: स्थायू, द्रव, वायू की जलीय. ही पायरी वगळू नका, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत.

३. शुद्ध स्थायू, शुद्ध द्रव आणि विद्रावक खोडा. खोडायचे ते मांडणीतून. मूळ समीकरण तसेच राहू द्या.

४. उरलेली उत्पादिते वर, उरलेली अभिकारके खाली लिहा. त्यांच्यामध्ये गुणाकार असतो, बेरीज कधीच नसते.

५. समीकरणातला सहगुणक घातांक म्हणून चढवा. अमोनियापुढे २ असेल तर [अमोनिया]² लिहा. २[अमोनिया] लिहिले तर ते चूक.

६. तापमान लिहा. तापमान न सांगता दिलेली ‘के’ची किंमत अपुरी असते.

अमोनियाचे उदाहरण घ्या. केळीच्या बागांना लागणाऱ्या युरियाची सुरुवात याच अभिक्रियेपासून होते.

नायट्रोजन (वायू) + ३ हायड्रोजन (वायू) ⇌ २ अमोनिया (वायू)

के-सी = [अमोनिया]² ÷ ([नायट्रोजन] × [हायड्रोजन]³)

सगळे वायू आहेत, म्हणून खोडायचे काही नाही. लोखंडाचा उत्प्रेरक वापरला तरी तो मांडणीत येत नाही. त्याच्यामुळे समतोल लवकर साधतो, ‘के’ बदलत नाही. तापमानाने मात्र तो खूप बदलतो. या अभिक्रियेचा के-पी २५ अंश सेल्सिअसला सुमारे ६ × १०⁵ असतो आणि ४०० अंशांना सुमारे १.६ × १०⁻⁴ इतका खाली येतो. सहावी पायरी का हवी, ते या दोन आकड्यांवरून कळेल.

कुणाला घ्यायचे, कुणाला सोडायचे

गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: अभिक्रिया चालू असताना याची संहती बदलू शकते का?

- वायू: घ्या. त्याचा दाब आणि संहती दोन्ही बदलतात.
- पाण्यात विरघळलेला पदार्थ किंवा आयन: घ्या.
- शुद्ध स्थायू: सोडा. चुन्याचा खडा मोठा असो की लहान, त्याच्या दर लिटर आकारमानात मोल तेवढेच असतात. खडा झिजला म्हणजे त्याचे प्रमाण घटते, संहती नाही.
- शुद्ध द्रव: सोडा. कारण तेच.
- विद्रावक म्हणून असलेले पाणी: सोडा. एक लिटर पाण्यात पाण्याचेच सुमारे ५५.५ मोल असतात. विरल द्रावणातल्या अभिक्रियेत त्यातले काही सहस्रांश मोल खर्च झाले तरी संहतीत फरक दिसत नाही.
- पाण्याची वाफ: घ्या. ती वायू आहे.
- विद्रावक नसलेले पाणी: घ्या.

शेवटच्या नियमाला विद्यार्थी हमखास फसतात, म्हणून त्याचे उदाहरण नीट पाहा.

ॲसेटिक आम्ल + इथेनॉल ⇌ इथाइल ॲसिटेट + पाणी

इथे आम्ल आणि अल्कोहोल थेट एकत्र मिसळलेले असतात. पाणी हे तयार होणारे उत्पादित आहे आणि त्याची संहती शून्यापासून वाढत जाते. म्हणून ते घ्यायलाच हवे:

के-सी = ([इथाइल ॲसिटेट] × [पाणी]) ÷ ([ॲसेटिक आम्ल] × [इथेनॉल])

याची किंमत सुमारे ४ असते. ‘पाणी नेहमी सोडा’ असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याचे गुण इथे जातात. खरा नियम असा: पाणी विद्रावक असेल तर सोडा, नाहीतर घ्या.

आणखी एक खबरदारी. स्थायू मांडणीत नसला तरी भांड्यात असायला हवा. तो पूर्ण संपला तर समतोलच राहत नाही, मग त्या मांडणीचा उपयोग नाही.

बऱ्हाणपूरचे उदाहरण: कुंडी भंडाऱ्यातला चुना

वरचे नियम एका ठिकाणी तपासायचे असतील तर बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. अनेक जण त्याला खूनी भंडारा म्हणतात. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खान-ए-खानान यांच्या पुढाकाराने ही भुयारी जलव्यवस्था उभी राहिली. तिची आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या नावावर सांगितली जाते. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी भुयारात अडवायचे आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे आणायचे, ही त्यामागची कल्पना. भुयारावर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. त्या वर उघड्या असल्यामुळे आत हवा खेळते. २०२४ साली हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आले.

या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढतात आणि वाट अरुंद होते. हे घडवणारी अभिक्रिया अशी:

कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू) + कार्बन डायऑक्साइड (वायू) + पाणी (द्रव) ⇌ कॅल्शियम आयन (जलीय) + २ बायकार्बोनेट आयन (जलीय)

आता पायऱ्या लावा. कॅल्शियम कार्बोनेट स्थायू आहे, सोडा. पाणी विद्रावक आहे, सोडा. कार्बन डायऑक्साइड वायू आहे, खाली घ्या. दोन्ही आयन वर. बायकार्बोनेटचा सहगुणक २, म्हणून वर्ग.

के = ([कॅल्शियम] × [बायकार्बोनेट]²) ÷ कार्बन डायऑक्साइडचा दाब

इथे वर संहती आहे आणि खाली दाब. अशी मिश्र मांडणी चालते. वायू आणि द्रावण एकाच समीकरणात असले की ती सोयीचीच ठरते. तिला के-सी किंवा के-पी म्हणू नका, नुसता ‘के’ म्हणा.

या मांडणीतच भुयाराचा प्रश्न दडलेला आहे. जमिनीखालच्या मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. तिथे मुरलेले पाणी चुना विरघळवून घेते. तेच पाणी कुंडीखाली मोकळ्या हवेत आले की वायू उडून जातो, खालचा दाब घटतो आणि अभिक्रिया डावीकडे वळते. विरघळलेला चुना पुन्हा स्थायू होऊन भिंतीवर बसतो.

समीकरण बदलले की ‘के’ कसा बदलतो

एकाच अभिक्रियेचे दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर आधी दोन्ही समीकरणे शेजारी ठेवा. बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो.

- समीकरण उलटे लिहिले: नवा के = १ ÷ जुना के
- समीकरण दोनाने गुणले: नवा के = जुन्या के-चा वर्ग
- समीकरण अर्धे केले: नवा के = जुन्या के-चे वर्गमूळ
- दोन समीकरणे मिळवली: दोघांच्या के-चा गुणाकार
- एकातून दुसरे वजा केले: के-चा भागाकार

शेवटचे दोन नियम आपल्या चुन्याच्या समीकरणावर वापरून पाहा. वायू आधी पाण्यात विरघळला आहे असे धरा. मग २५ अंश सेल्सिअसला ही तीन समीकरणे हाती असतात:

पहिले: कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू) ⇌ कॅल्शियम आयन + कार्बोनेट आयन
विद्राव्यता गुणाकार सुमारे ३.३ × १०⁻⁹

दुसरे: कार्बन डायऑक्साइड (जलीय) + पाणी ⇌ हायड्रोजन आयन + बायकार्बोनेट आयन
के-एक सुमारे ४.५ × १०⁻⁷

तिसरे: बायकार्बोनेट आयन ⇌ हायड्रोजन आयन + कार्बोनेट आयन
के-दोन सुमारे ४.७ × १०⁻¹¹

पहिले आणि दुसरे मिळवा, त्यातून तिसरे वजा करा. हायड्रोजन आयन आणि कार्बोनेट आयन दोन्हीकडून कटतात आणि उरते ते हवे असलेले समीकरण. म्हणून:

के = (३.३ × १०⁻⁹ × ४.५ × १०⁻⁷) ÷ (४.७ × १०⁻¹¹) = सुमारे ३.२ × १०⁻⁵

आता वायूचा दाब मांडणीत हवा असेल तर चौथे समीकरण मिळवा: कार्बन डायऑक्साइड (वायू) ⇌ कार्बन डायऑक्साइड (जलीय). त्याचा स्थिरांक सुमारे ०.०३४ आहे, दर वातावरण दाबाला दर लिटरमागे इतके मोल. गुणाकार येतो सुमारे १.१ × १०⁻⁶.

अभिक्रिया तीच, चुना तोच, पण ३.२ × १०⁻⁵ आणि १.१ × १०⁻⁶ असे दोन आकडे मिळाले. दोन्ही बरोबर आहेत. एका समीकरणात वायू विरघळलेला आहे, दुसऱ्यात मोकळा आहे. तुमच्या पुस्तकातला आकडा मित्राच्या आकड्याशी जुळत नसेल, तर त्याला चूक ठरवण्याआधी समीकरणे, अवस्था आणि तापमान तपासा. विद्राव्यता गुणाकाराच्या किमती पुस्तकागणिक थोड्या वेगळ्या असतात. परीक्षेत प्रश्नात दिलेली किंमतच वापरा.

के-सी लिहायचा की के-पी?

- सगळे पदार्थ द्रावणात असतील: के-सी.
- प्रश्नात आंशिक दाब दिले असतील: के-पी.
- प्रश्नात मोल आणि भांड्याचे आकारमान दिले असेल: के-सी. आधी मोलांना लिटरने भागा.
- एकातून दुसऱ्यात जायचे असेल: के-पी = के-सी × (आर × टी) आणि कंसाला डेल्टा-एन हा घातांक.

आर म्हणजे वायू स्थिरांक, टी म्हणजे तापमान. डेल्टा-एन म्हणजे वायुरूप उत्पादितांचे मोल वजा वायुरूप अभिकारकांचे मोल. इथे फक्त वायू मोजा. अमोनियासाठी २ − ४ = −२. हायड्रोजन आणि वायुरूप आयोडीनपासून हायड्रोजन आयोडाइड होते तिथे २ − २ = ०, म्हणून के-पी आणि के-सी सारखे.

चुनाभट्टीचे समीकरण घ्या:

कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू) ⇌ कॅल्शियम ऑक्साइड (स्थायू) + कार्बन डायऑक्साइड (वायू)

दोन्ही स्थायू गळतात. के-पी = कार्बन डायऑक्साइडचा दाब, एवढेच. डेल्टा-एन = १. भट्टीत दगड किती भरला याने हा दाब ठरत नाही, तापमानाने ठरतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तो एक वातावरण दाबापर्यंत पोहोचतो. भट्टी इतकी तापवावी का लागते, ते या एका ओळीच्या मांडणीतून कळते.

‘आर’ची किंमत निवडताना जपा. दाब बारमध्ये असेल तर ०.०८३१, वातावरण दाबात असेल तर ०.०८२१. तापमान नेहमी केल्विनमध्ये. ८.३१४ ही किंमत इथे घातली तर डेल्टा-एन १ असतानाही उत्तर शंभर पटींच्या आसपास चुकते.

एककाचे काय? काटेकोर व्याख्येनुसार प्रत्येक संहती किंवा दाब प्रमाण अवस्थेने भागला जातो, म्हणून ‘के’ला एकक नसते. तरीही शालेय उदाहरणांत मोल आणि लिटर यांच्या घातांकांत एकक विचारले जाते. प्रश्नाने एकक विचारले असेल तर लिहा. विचारले नसेल तर नुसता आकडा पुरेसा आहे.

नेपानगरचे उदाहरण: आयन निवडणे

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्र कागदाचा कारखाना उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. जगभर लाकडाचा किंवा बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात शिजवणाऱ्या गिरण्या वापरलेल्या द्रावातून कॉस्टिक परत मिळवतात. त्यासाठी पाण्यात विरवलेली चुनकळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वापरतात:

सोडियम कार्बोनेट (जलीय) + कॅल्शियम हायड्रॉक्साइड (स्थायू) ⇌ २ सोडियम हायड्रॉक्साइड (जलीय) + कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू)

जलीय क्षार पाण्यात आयनांच्या रूपात असतात. सोडियम दोन्हीकडे तेवढाच आहे, तो नुसता हजर असतो. म्हणून आधी निव्वळ आयनिक समीकरण लिहा:

कार्बोनेट आयन + कॅल्शियम हायड्रॉक्साइड (स्थायू) ⇌ २ हायड्रॉक्साइड आयन + कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू)

के = [हायड्रॉक्साइड]² ÷ [कार्बोनेट]

दोन्ही स्थायू गेले, सोडियम गेला, हाती दोनच आयन राहिले. द्रावणातले आयन दिसले की मांडणीपूर्वी निव्वळ आयनिक समीकरण लिहायची सवय लावा. लांबलचक मांडणी अशी दोन पदांवर येते.

क्यू आणि के: दिशा कशी ठरवायची

अभिक्रिया कुठल्या दिशेला जाईल हा प्रश्न आला तर मांडणी तीच ठेवा, पण समतोलाच्या संहतींऐवजी आत्ताच्या संहती घाला. त्या किमतीला क्यू म्हणतात.

- क्यू के-पेक्षा लहान: अभिक्रिया उजवीकडे जाईल.
- क्यू के-एवढा: समतोल साधला आहे.
- क्यू के-पेक्षा मोठा: अभिक्रिया डावीकडे वळेल.

उदाहरणासाठी काही आकडे मानू. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.०१ वातावरण आहे आणि पाणी चुन्याशी समतोलात आहे. कॅल्शियम दर लिटरला ०.००१४ मोल, बायकार्बोनेट ०.००२८ मोल.

(०.००१४ × ०.००२८²) ÷ ०.०१ = सुमारे १.१ × १०⁻⁶

हा नेमका के आहे. आता हेच पाणी मोकळ्या हवेत आले. तिथे या वायूचा दाब सुमारे ०.०००४२ वातावरण असतो.

क्यू = (०.००१४ × ०.००२८²) ÷ ०.०००४२ = सुमारे २.६ × १०⁻⁵

क्यू के-च्या जवळपास २४ पट झाला. अभिक्रिया डावीकडे जाणार आणि चुना बसणार. नवा समतोल पुरता साधेपर्यंत दर लिटरमागे सुमारे ९० मिलिग्रॅम चुना खाली बसू शकतो. एका लिटरसाठी हे थोडे वाटेल, पण शतकानुशतके वाहणाऱ्या भुयारात त्याचेच थर होतात.

हमखास होणाऱ्या चुका

- सुरुवातीच्या संहती के-मध्ये घालणे. के-मध्ये फक्त समतोलावेळच्या संहती येतात. आधी सुरुवात, बदल आणि समतोल असा तीन ओळींचा तक्ता करा.
- बदलाच्या ओळीत सहगुणक विसरणे. नायट्रोजन एक्सने घटला तर हायड्रोजन ३ एक्सने घटतो आणि अमोनिया २ एक्सने वाढतो.
- मोल थेट घालणे. भांडे एक लिटरचे नसेल तर भागाकार करावाच लागतो.
- वेगाच्या नियमाशी गल्लत. अभिक्रियेच्या वेगातले घातांक प्रयोगाने ठरतात. ‘के’मधले घातांक संतुलित समीकरणातून येतात. दोन्ही सारखे असतीलच असे नाही.
- दाब वाढवला म्हणून के बदलला असे लिहिणे. दाब, संहती किंवा उत्प्रेरक यांनी समतोलाची जागा बदलू शकते किंवा वेग बदलू शकतो, पण के बदलतो तो फक्त तापमानाने.
- मोठा के म्हणजे जलद अभिक्रिया असे मानणे. अभिक्रिया किती पुढे जाईल एवढेच के सांगतो. ती किती वेळात जाईल हे तो सांगत नाही.

परीक्षेत तुमच्या हातात काय आहे

माध्यम निवडताना: नीट आणि जेईई मेन या परीक्षांना मराठीचा पर्याय आहे, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. मध्य प्रदेशातले केंद्र घेतले तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याला मराठीतून पेपर हवा असेल तर अर्ज भरतानाच महाराष्ट्रातले केंद्र निवडावे लागते. अर्जापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. म्हणून कुठलेही माध्यम घेतले तरी रासायनिक समीकरण आणि अवस्थांच्या खुणा इंग्रजी प्रश्नाशी ताडून पाहा.

उत्तरतालिकेवर हरकत: या परीक्षांची तात्पुरती उत्तरतालिका जाहीर होते आणि ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते. हरकतीत ‘उत्तर चूक आहे’ एवढेच लिहू नका. समीकरण, अवस्था आणि त्यावरून येणारी मांडणी तीन ओळींत लिहा आणि पाठ्यपुस्तकाचे पान जोडा.

मंडळाची उत्तरपत्रिका: तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. पुनर्मूल्यांकन मात्र मंडळाच्या नियमांप्रमाणेच होते. निकाल लागताच दोन्हींची मुदत पाहून ठेवा.

गुण वाचवण्याची साधी सवय: मांडणीच्या वर अवस्थांसह समीकरण लिहा आणि शेजारी एक ओळ द्या: ‘शुद्ध स्थायू आणि विद्रावक वगळले.’ पुढे आकडेमोड चुकली तरी मांडणी बरोबर आहे हे तपासनिसाला लगेच दिसते.

घरच्या पाण्यासाठी याचा उपयोग

जुलै २०२२मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. नळ घरोघरी पोहोचला की जड, म्हणजे दुष्फेन, पाण्याची तक्रारही घरोघरी निघते. ती समजून घ्यायला कुंडी भंडाऱ्याचे समीकरण पुरेसे आहे.

- किटलीत, गिझरमध्ये पांढरा थर बसतो, कारण तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि समतोल डावीकडे सरकतो.
- थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वापरा. आम्ल कार्बोनेट आयन खर्च करते, त्यामुळे चुना पुन्हा विरघळतो. नंतर भांडे नीट धुवा.
- तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.
- उकळून फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा कमी होतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो.
- मर्यादा किती? भारतीय मानक १०५००:२०१२ प्रमाणे एकूण जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालतो. दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात आहेत. क्यूच्या उदाहरणातले जमिनीखालचे पाणी १४० मिलिग्रॅमचे होते.
- तपासणी कुठे? जल जीवन मिशनखालच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांसाठी नाममात्र दरात खुल्या आहेत. गावात प्रशिक्षित महिलांकडे तपासणी संच असतो, तिथे आधी विचारा.

सरावासाठी सहा समीकरणे

उत्तरे झाकून आधी स्वतः मांडणी करा.

१. कार्बन (स्थायू) + कार्बन डायऑक्साइड (वायू) ⇌ २ कार्बन मोनॉक्साइड (वायू)

२. अमोनियम क्लोराइड (स्थायू) ⇌ अमोनिया (वायू) + हायड्रोजन क्लोराइड (वायू)

३. कार्बन मोनॉक्साइड (वायू) + पाण्याची वाफ (वायू) ⇌ कार्बन डायऑक्साइड (वायू) + हायड्रोजन (वायू)

४. अमोनिया (जलीय) + पाणी (द्रव) ⇌ अमोनियम आयन (जलीय) + हायड्रॉक्साइड आयन (जलीय)

५. सिल्व्हर क्लोराइड (स्थायू) ⇌ सिल्व्हर आयन (जलीय) + क्लोराइड आयन (जलीय)

६. अमोनियाचे समीकरण अर्धे करून उलटे लिहिले, तर नवा के जुन्या के-च्या हिशेबात किती?

उत्तरे:

१. के-पी = (कार्बन मोनॉक्साइडचा दाब)² ÷ कार्बन डायऑक्साइडचा दाब. कार्बन स्थायू, म्हणून गेला.

२. के-पी = अमोनियाचा दाब × हायड्रोजन क्लोराइडचा दाब. खाली काही उरत नाही.

३. के-पी = (कार्बन डायऑक्साइडचा दाब × हायड्रोजनचा दाब) ÷ (कार्बन मोनॉक्साइडचा दाब × वाफेचा दाब). इथे पाणी वायू आहे, म्हणून घेतले.

४. के = ([अमोनियम] × [हायड्रॉक्साइड]) ÷ [अमोनिया]. पाणी विद्रावक, म्हणून सोडले.

५. के = [सिल्व्हर] × [क्लोराइड].

६. नवा के = १ ÷ जुन्या के-चे वर्गमूळ.

तिसऱ्या आणि चौथ्या उत्तरात पाणी एकदा आले आणि एकदा गेले. त्याचे कारण तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकलात, तर हा धडा तुम्हाला कळला आहे असे समजा. नाही सांगता आले, तर पाठांतर वाढवू नका. दोन्ही समीकरणे अवस्थांसह पुन्हा लिहा आणि प्रत्येक पदार्थाला तोच प्रश्न विचारा: याची संहती बदलू शकते का?